वाल्वचं सर्किट स्वतः डिझाइन करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

उदगीरकर_रिपेअर

नमस्कार मंडळी. उदगीरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स झालंय, चार्जिंग आयसी वगैरे रोजचंच, पण वाल्व, म्हणजे जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्या, या प्रकाराशी कधी संबंध आला नव्हता. गावाकडचं माळवदाचं घर उतरवताना आजोबांचा रेडिओ खाली आला. मागचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलाय, स्पीकरचा कागद फाटलाय, पण काचा शाबूत आहेत. पुसून वाचले ते नंबर असे: यूसीएच81, यूबीएफ89, यूसीएल82, यूवाय85.

तेव्हापासून डोक्यात हेच बसलंय. पार्ट आणायला हैदराबादला जातोच, तर कोटीच्या गुजराती गल्लीतून दोन ईसीसी82, एक ईसीसी83 हे वाल्व आणि नऊ पायांचे बेस घेऊन आलो.

आता अडचण अशी की कुणालाही विचारलं तरी तयार डायग्राम हातात देतात. तसा जोडला की वाजणारच. पण वाल्वच्या प्लेटला 100 के (किलोओहम) रेझिस्टन्सच का, कॅथोडला 1.5 केच का, हे कुणी सांगत नाही. मला ते आकडे स्वतः ठरवता आले पाहिजेत. गणित म्हणाल तर ओहमचा नियम आणि भागाकार, त्यापुढं गाडी जात नाही.

दुसरं म्हणजे, प्रयोगासाठी हाय व्होल्टेज लागतं ते या रेडिओच्याच चासिसवरून काढून घेऊ का? आणि खरं सांगायचं तर मी 4.2 व्होल्टवाला माणूस, 250-300 व्होल्ट म्हटलं की हात आखडतो. त्याला काही उपाय?

जालना_बास

भाऊ, कशाला त्या भानगडीत पडता. टीडीए2030 ही अ‍ॅम्पची आयसी घ्या, 12 व्होल्ट द्या, घर हलेल. वाल्वच्या खर्चात अख्खं होम थिएटर होतं.

सेलूचा_रेडिओवाला

उदगीरकर, आधी एक ऐक. त्या रेडिओची पिन बोर्डात घालायची नाही. बाकीचं नंतर वाच.

तू लिहिलेले चारही नंबर यू-नं सुरू होतात. म्हणजे हा एसी-डीसी सेट. काही शहरांत डीसी लाइट होती त्या काळची ही युक्ती, शिवाय ट्रान्सफॉर्मर वाचला म्हणून सेट स्वस्त. चारही वाल्वचे फिलामेंट, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, दिवाळीच्या माळेसारखे एकामागं एक, सगळ्यांतून तोच 100 मिलिअँप करंट. यूसीएच81 चे 19 व्होल्ट, यूबीएफ89 चे 19, यूसीएल82 चे 50, यूवाय85 चे 38. झाले 126. आपली लाइट 230 ची. राहिलेले 104 व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टन्स खातो, म्हणजे दहा वॅटच्या वर नुसती उष्णता. आणि मुख्य गोष्ट ही की मेनची एक वायर थेट चासिसला असते. पिन उलटी बसली की फेज चासिसवर. बटण निघालं असेल तर आतला दांडासुद्धा जिवंत. त्यावर तू मोबाइलची ऑडिओ वायर जोडणार आणि मोबाइल हातात धरणार! असले सेट आमच्या दुकानात आले की आम्ही आधी टेस्टर लावायचो, मग गिऱ्हाइकाशी बोलायचो.

त्या रेडिओतून फक्त दोन वस्तू सोडवून ठेव: आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि यूसीएल82. त्यांचं पुढं बघू.

आता शिकायचं कसं. जालनेकरांचं म्हणणं आवाजापुरतं बरोबर आहे, पण या पोराला आवाज नको, हिशेब पाहिजे. दुरुस्ती आणि डिझाइन या दोन वेगळ्या विद्या आहेत बाबा. मेकॅनिकला कुठल्या पायावर किती व्होल्ट पाहिजेत ते पाठ असतं. का पाहिजेत, हे विचारायला सवड नसते, गिऱ्हाईक दारात उभं असतं. आणि हल्ली जो तो पहिल्याच दिवशी 300 व्होल्टचा गिटार अ‍ॅम्प जोडायला बसतो. वाजला तर खूश, नाही वाजला तर कुठं बघायचं ते माहीत नाही. माझं मत विचारशील तर पहिलं सर्किट म्हणजे सर्किटच नाही. एक वाल्व, एक मीटर आणि ग्राफ पेपर.

300 व्होल्टची गरज नाही. 45 वर भागतं. 9 व्होल्टचे चौकोनी सेल पाच घे. ते एकमेकांत उलटसुलट अडकवले की आपोआप सिरीज होते, क्लिपही लागत नाही. मधल्या जोडांवरून 9, 18, 27, 36, 45 असे टप्पे आयते मिळतात. कोरड्या हाताला 45 व्होल्ट डीसी काही करत नाही, म्हणून तुझा आखडलेला हात इथं मोकळा होईल.

फिलामेंटला तुमच्या शेतातला फवारणीचा बॅटरी पंप असेलच. त्यातली 12 व्होल्ट 8 एएचची बॅटरी काढ. भरलेली असली की 12.7 दाखवते आणि ईसीसी82 ला 12.6 च पाहिजेत. करंट 150 मिलिअँप, म्हणजे हिशेबानं पन्नास तास. चाळीस धर, ती पार मोकळी करायची नसते. नाहीतर घरचे फवारणीच्या दिवशी तुला शोधत येतील. बॅटरीच्या पॉझिटिव्हला 1 अँपचा फ्यूज लाव, असली बॅटरी शॉर्ट झाली की वायर लाल करते. फिलामेंट 4 आणि 5 नंबरच्या पायावर, 9 नंबर मोकळा. पाय मोजायचे ते बेसच्या खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेनं. मीटरनं 4-5 तपासशील तर थंड फिलामेंट फार थोडे ओहम दाखवेल, खराब समजू नको. तापल्यावर ते 84 ओहम होतं, 12.6 भागिले 0.15.

प्लायच्या तुकड्यावर बेस ठोक, शेजारी टॅगपट्टी. पाय 1 प्लेट, 2 ग्रिड, 3 कॅथोड. तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते ओढून घेते. 45 व्होल्टचा निगेटिव्ह कॅथोडला. पॉझिटिव्ह मीटरमधून, 20 मिलिअँपच्या रेंजवर, प्लेटला. ग्रिडसाठी दोन पेन्सिल सेल आणि 10 केचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टन्स). सेलचा पॉझिटिव्ह आणि पॉटचं एक टोक कॅथोडला, निगेटिव्ह पॉटच्या दुसऱ्या टोकाला, मधला पाय ग्रिडला. झालं. रेझिस्टन्सही नाही, कंडेन्सरही नाही.

ग्रिड शून्यावर ठेव. प्लेटला 9 व्होल्ट, करंट लिही. 18, लिही. असं 45 पर्यंत. मग ग्रिड उणे एक करून परत तेच, मग उणे दोन. आडवे व्होल्ट, उभा करंट, पेन्सिलीनं टिंब मांड. सरळ रेषा येणार नाही, खाली वाकलेली आणि वर चढत गेलेली येईल. रीडिंग इथं टाक, मग बोलू. तोवर ईसीसी83 ला हात लावू नको, तो इतक्या कमी व्होल्टला नीट बोलत नाही.

आणि पुढच्या वेळी कोटीत गेलास तर बेंगळुरूच्या बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने वाल्व दिसतात का बघ. 1961 पासून त्यांनी रेडिओचे वाल्व काढले आणि आमच्या पिढीची अर्धी दुकानं त्यांच्यावर चालली. छापील नाव मात्र ओल्या बोटानं पुसून बघ, नवं नाव छापून जुना माल खपवणारे असतात. वरच्या टोकाला आतून चंदेरी डाग पाहिजे. तो पांढरा झाला असेल तर आत हवा गेली, फुकट दिला तरी घेऊ नको.

अंबडचा_लाइनमन

काकांनी चांगलं सांगितलं. मी लाइनवर काम करतो म्हणून वरच्या व्होल्टेजचं थोडं सांगतो, कारण हा गडी आज ना उद्या तिकडं जाणारच.

घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवलाय म्हणून निर्धास्त राहू नका दादा. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या एचटीचा, म्हणजे वाल्वच्या प्लेटला लागणाऱ्या हाय व्होल्टेजचा, शॉक बसला तर त्याला पत्ताही लागत नाही. तो फक्त मेनच्या दोन वायरींतला फरक बघतो.

दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून एचटी काढता येते. पहिला 230 ते 12, दोन-तीन अँपचा. त्याच 12 वर फिलामेंट पेटवायचं आणि तिथूनच दुसरा 12 चा, एक अँपचा, उलटा जोडायचा. पलीकडं पूर्ण 230 निघत नाहीत, 200 च्या आसपास मिळतात. कारण ट्रान्सफॉर्मर लोडवर 12 देता यावेत म्हणून थोडा जास्तीचा गुंडाळलेला असतो, उलटा लावला की ते जास्तीचं आपल्या अंगावर येतं. ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आणि 47 मायक्रोचा 450 व्होल्टवाला कंडेन्सर लावला की पावणेतीनशे डीसीच्या आगंमागं.

आता तो कंडेन्सर. बंद केल्यावरही तो भरलेला राहतो. त्याच्यावर कायमचा 220 के, 2 वॅटचा रेझिस्टन्स मारा. तरी पूर्ण रिकामा व्हायला जवळपास मिनिट लागतो. तेवढं थांबा, मीटर लावा, मगच हात. चालू सर्किटमध्ये मोजायचं तर निगेटिव्हला मगरक्लिप लावून एक हात खिशात. पहिल्यांदा चालू करताना मेनमध्ये 60 वॅटचा बल्ब सिरीजला. बल्ब लखलखला तर कुठंतरी शॉर्ट आहे, फ्यूज उडायची वाट बघायची गरज नाही.

आणि आपल्याकडचं व्होल्टेज तुम्हाला माहीतच आहे. शेतीपंपाची लाइट आली की 180, पंप बंद झाले की 250. फिलामेंटला दहा टक्के वरखाली चालतं, त्यापलीकडं नाही. स्टॅबिलायझर लावून प्रयोग करा, नाहीतर दुपारचं रीडिंग रात्री जुळायचं नाही.

उदगीरकर_रिपेअर

काका, लाइनमन दादा, आभार. रेडिओची वायरच कापून टाकलीय, म्हणजे मोहच नको.

पंपाच्या बॅटरीवर ईसीसी82 पेटवला. दिवसा काही कळतच नव्हतं, शटर खाली ओढल्यावर आत बारीक लाल दिसलं. रीडिंग असे आले:

ग्रिड शून्य: 9 व्होल्टला 0.4 मिलिअँप, 18 ला 1.0, 27 ला 1.7, 36 ला 2.6, 45 ला 3.5.
ग्रिड उणे एक: 27 ला 0.3, 36 ला 0.8, 45 ला 1.6. त्याखाली जवळपास काहीच नाही.
ग्रिड उणे दोन: 45 ला 0.2. बाकी शून्य.

दोन शंका. ग्रिडच्या वायरीतून करंट जातच नाही, मीटर शून्य दाखवतो, मग पलीकडं एवढा फरक कसा पडतो? आणि त्याच काचेतला दुसरा अर्धा वाल्व, 6-7-8 वाला, तिथं 45 व्होल्टला 2.9 च आले. खराब आहे का?

सेलूचा_रेडिओवाला

वाहवा! कागद भिंतीला लाव. त्यावर तुला पाहिजे ते सगळं आहे, आता वाचायचं कसं ते बघ.

आधी शंका. ग्रिड म्हणजे प्लेट आणि कॅथोडच्या मधली जाळी. ती कॅथोडपेक्षा उणे असली की इलेक्ट्रॉन तिच्यावर बसत नाहीत, नुसते तिला बिचकून मागं फिरतात. म्हणून तिचा करंट शून्य आणि हुकूम मात्र पुरा. दुसरा अर्धा भाग खराब नाही. एकाच काचेतले दोन भावंडं सारखे निघतीलच असं नाही, तेवढा फरक चालतो. छापील आलेख सरासरीचा असतो, तुझा आलेख तुझ्या वाल्वचा.

आता कागदाकडं बघ. ग्रिड शून्य असताना 27 व्होल्टला 1.7. ग्रिड उणे एक असताना 45 व्होल्टला 1.6. जवळपास तोच करंट. म्हणजे ग्रिडवर एक व्होल्ट कमी केला तर त्याची भरपाई करायला प्लेटवर 18 व्होल्ट वाढवावे लागले. हाच त्याचा म्यू, 18. ईसीसी82 च्या डेटाशीटमध्ये 100 व्होल्टला साडेएकोणीस आणि 250 ला 17 दिलाय. तू पाच सेलवर तिथं जाऊन पोचलास.

पुढं. 45 व्होल्टला ग्रिड शून्यावरून उणे एक केलं तर 3.5 चे 1.6 झाले, 1.9 चा फरक. हा जीएम, एका व्होल्टला 1.9 मिलिअँप. आणि ग्रिड शून्यच ठेवून 36 चे 45 केले तर 0.9 मिलिअँप वाढले. 9 भागिले 0.9 म्हणजे 10 के, ही वाल्वची आतली रेझिस्टन्स. 1.9 ला 10 नं गुण. 19. तिकडून 18, इकडून 19. दुकानातल्या मीटरवर एवढं जुळणं म्हणजे भारी झालं.

आता डिझाइन. प्लेटला 22 के लावायचा असं समज, पुरवठा तोच 45. वाल्वमधून करंट शून्य असला तर प्लेटवर पूर्ण 45 व्होल्ट. एक टिंब तिथं. वाल्व पार शॉर्ट झाला असं धरलं तर 45 भागिले 22 के, 2.05 मिलिअँप. दुसरं टिंब तिथं. पट्टी लावून दोन्ही जोड. ही लोड लाइन. वाल्व काहीही करो, या रेघेबाहेर जाऊ शकत नाही, कारण रेझिस्टन्स ओहमच्या नियमानं बांधलेला. आणि वाल्व स्वतःच्या वाकड्या रेषेबाहेर जाऊ शकत नाही. दोघं जिथं एकमेकांना कापतात तिथंच काम चालणार.

तुझ्या आकड्यांवरून मी इथं काढून बघितलं. ग्रिड शून्यची रेषा लोड लाइनला साधारण साडेवीस व्होल्टला कापते. उणे एकची 32 ला. उणे दोनची साडेएक्केचाळीसच्या आसपास. म्हणजे ग्रिडवर एक व्होल्ट हलला तर प्लेटवर साडेअकरा. हा तुझा गेन, सोल्डरचा एक डाग न देता.

आणि नीट बघ, शून्य ते उणे एक साडेअकरा व्होल्ट, पण उणे एक ते उणे दोन साडेनऊच. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. लाटेचा एक भाग मोठा, एक दबलेला. वाल्वचा आवाज गोड, उबदार म्हणून लोक जे पाजळतात ना, त्यातलं बरंचसं हे आहे. गोड आहे की नाही ते ज्याच्या त्याच्या कानावर, पण ते कुठून येतं ते आता तुला पट्टीनं मोजता येतं. 22 च्या जागी 47 के धरून परत रेघ मार, ती आडवी होत जाईल आणि फरक बदलेल. दहा रेघा मार, पेन्सिल स्वस्त आहे.

राहिला कॅथोड. ग्रिड उणे एकवर ठेवायचं तर दरवेळी सेल कोण लावणार? उणे एकच्या छेदावर करंट 0.57 मिलिअँपच्या आसपास येतो. कॅथोडखाली असा रेझिस्टन्स लाव की त्या करंटला त्याच्यावर एक व्होल्ट पडेल. 1 भागिले 0.57, म्हणजे 1.75 के. बाजारात 1.8 के मिळतो. कॅथोड एक व्होल्ट वर गेला, ग्रिड 1 मेगमधून पुरवठ्याच्या निगेटिव्हला, म्हणजे कॅथोडच्या नजरेनं ग्रिड उणे एक. तुझा तो 2.9 वाला अर्धा भाग इथं लावलास तरी करंट कमी, म्हणून व्होल्ट कमी, म्हणून ग्रिड कमी उणे, आणि करंट आपोआप थोडा सावरतो. लाइनमन म्हणाला ते 180-250 चं नाटकही असंच बरंचसं पचतं.

'1.5 केच का' याचं उत्तर ते एवढंच होतं.

उदगीरकर_रिपेअर

काका, 1.8 के लावला, प्लेटवर 32.6 आले! कागदावरचं टिंब आणि मीटर एकाच आकड्यावर बघून दुकानात एकटाच हसलो.

मग लाइनमन दादांच्या सांगण्याप्रमाणं दोन ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा केला, सिरीज बल्बसकट. 250 वर सेट करून ईसीसी83 लावला, प्लेट 100 के, कॅथोड 1.5 के. प्लेटवर 163, कॅथोडवर 1.3. प्लेटकडून 87 भागिले 100 के, 0.87 मिलिअँप. कॅथोडकडून 1.3 भागिले 1.5 के, तेवढेच. आता हिशेब दोन्हीकडून करायची सवय लागलीय.

कॅथोडवर 25 मायक्रोचा कंडेन्सर लावला तर आवाज दुप्पट, काढला तर निम्मा. हेही कागदावरून कळलं. पण दोन गोष्टी सुटत नाहीत. मोबाइलमधून गाणं देतोय, वाल्वच्या आधी 1 मेगचा व्हॉल्यूम. पूर्ण उघडला की आवाज स्वच्छ, मधोमध आणला की गोधडीखालून आल्यासारखा दबका. झांजेची किणकिण जातेच. ईसीसी82 ला असं होत नव्हतं. आणि मागं सतत बारीक घूं आहे.

अंबाजोगाई_फिजिक्स

मी ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो. दबक्या आवाजाचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण ते वर्गात सांगून विद्यार्थ्यांच्या डोक्यात जात नाही आणि तुम्ही मात्र ते कानांनी ऐकलेत.

ईसीसी83 मध्ये ग्रिड आणि प्लेट यांच्यामध्ये सुमारे 1.6 ते 1.7 पिकोफॅरडची धारिता असते. ऐकायला नगण्य. पण ग्रिड एक व्होल्ट वर गेले की प्लेट साठ व्होल्ट खाली जाते, त्यामुळे त्या इवल्या कंडेन्सरच्या दोन टोकांमध्ये एकसष्ट व्होल्टचा फरक पडतो. ग्रिडकडून पाहणाऱ्याला तो एकसष्ट पट मोठा भासतो. ग्रिड-कॅथोडचे धरून साधारण 105 पिकोफॅरड. याला मिलर परिणाम म्हणतात.

आता तुमचा पॉट. पूर्ण उघडा असतो तेव्हा मोबाइलचे थोडेसे ओहम सोडले तर वाटेत काही नाही. विद्युतदृष्ट्या मध्यावर आणला की वर 500 के आणि खाली 500 के, ग्रिडला ते समांतर दिसतात, म्हणजे 250 के. 250 के आणि 105 पिकोफॅरड मिळून साधारण 6 किलोहर्ट्झच्या वरचे सगळे उतरत जाते. झांजेची किणकिण नेमकी तिथेच असते. लॉग पॉट असेल तर हा मध्य दांडा अर्धा फिरवल्यावर येत नाही, आणखी पुढे येतो, तेव्हा खुणेवर जाऊ नका.

ईसीसी82 चा गेन दहा-बाराच, म्हणून त्याची तीच धारिता वीस-बावीस पिकोफॅरडच्या पलीकडे फुगत नाही आणि मर्यादा 25 किलोहर्ट्झच्याही वर जाते. तुम्हाला फरक ऐकू आला तो यामुळे. उपाय सोपा: 1 मेगच्या जागी 100 के लावा, मोबाइलला ते सहज झेपते. मध्यावर 25 के होतील आणि मर्यादा 60 किलोहर्ट्झला जाईल. रेकॉर्ड प्लेअरच्या जुन्या क्रिस्टल पिकअपला 1 मेग लागत असे म्हणून जुन्या डायग्राममध्ये तो दिसतो, तुम्हाला त्याची गरज नाही.

सेलूचा_रेडिओवाला

सरांनी लई छान उलगडून सांगितलं. दुकानात आम्ही अशा वेळी निस्ता पॉट बदलायचो.

घूं चं मी सांगतो. आधी ती कोणती ते ओळख. मोबाइलवर टोनचं अ‍ॅप घे, हेडफोन लावून 50 आणि 100 हर्ट्झ ऐक. मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्यातून 50 निघतच नाही. 100 ची असेल तर एचटीचा फिल्टर अपुरा. 10 के सिरीजला टाकून पुढं आणखी एक 47 मायक्रो लाव. करंट एक मिलिअँपच्या आत आहे, नऊएक व्होल्ट पडतील, पडू दे, घूं शेकडो पटीनं खाली येते. 50 ची असेल तर फिलामेंट किंवा अर्थ. त्याची परीक्षा तुझ्या घरातच आहे: ईसीसी83 चं फिलामेंट ट्रान्सफॉर्मरवरून काढून पंपाच्या बॅटरीवर घे. आवाज गेला तर दोष फिलामेंटच्या एसी वायरीत. त्या दोन्ही वायरी घट्ट पीळ मारून चासिसच्या कोपऱ्यातून फिरव, ग्रिडच्या वायरीपासून लांब. नाही गेला तर अर्थ एका ठिकाणी आण.

आता तो बाजूला ठेवलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या मोठ्या रेझिस्टन्सच्या बाजूला 12 व्होल्ट एसी दे आणि स्पीकरच्या बाजूला मोज. तुझ्याकडं तो छोटा पिवळा मीटर असेल तर त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज 200 व्होल्टची असते, पॉइंटातलं रीडिंग त्यावर भरवशाचं नाही, चांगला मीटर माग. समजा 0.4 आले. 12 भागिले 0.4 म्हणजे 30 ला 1. वर्ग 900. त्याला 4 ओहमचा स्पीकर लावलास तर वाल्वला 3600 दिसतील, 8 चा लावलास तर 7200. लोड लाइन परत आली बघ, फक्त रेझिस्टन्सच्या जागी स्पीकर.

तो ट्रान्सफॉर्मर आला की ईसीएल82 शोध. यूसीएल82 चीच पायांची मांडणी, पण फिलामेंट 6.3 व्होल्टचं. तुझा यूसीएल82 50 व्होल्ट मागतो, त्याच्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर कुठं करत बसतोस. आत एक ट्रायोड, म्हणजे तुझ्या ईसीसी82 च्या अर्ध्या भागासारखा, आणि एक पेंटोड, म्हणजे जास्तीच्या जाळ्यांचा वाल्व. त्यातली एक जाळी म्हणजे स्क्रीन. पेंटोडला दोन पथ्यं. स्पीकर जोडल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते. आणि स्क्रीनला व्होल्ट असताना प्लेटची वायर निघाली तर सगळा करंट स्क्रीनवर जातो, ती लाल होते आणि वाल्व गेला. म्हणून प्लेटचा जोड आधी ओढून बघायचा.

रेडिओतले जुने कागदी कंडेन्सर वापरू नको. ट्रायोडच्या प्लेटवरून पेंटोडच्या ग्रिडला जाणारा कंडेन्सर जरासा गळला तरी ग्रिड पॉझिटिव्ह होतं आणि पेंटोड तापत जातो. नवा 0.022 मायक्रो, 630 व्होल्टचा लाव. ट्रान्सफॉर्मरचं रीडिंग आलं की टाक इथं, स्पीकर किती ओहमचा आहे तेही लिही.